‘क्विक’ : एका शब्दाची जिव्हाळी

माझी आजी दर रविवारी सकाळी आम्हा भावंडांना ओसरीवर ओळीनं बसवून नखं कापायची. घरात नेलकटर नव्हतं. दाढीचं जुनं पातं मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा ती वापरायची. माझं बोट तिच्या चिमटीत घट्ट धरलेलं असायचं, आणि पातं नखाच्या पांढऱ्या कडेवरून फिरत गुलाबी भागाजवळ आलं की तिचा हात मंदावायचा. “हलू नकोस रे, जिव्हाळीला लागेल,” असं ती म्हणायची. नखाचा पांढरा भाग कापला तरी काही कळत नाही. त्याखालच्या मांसाला पात्याचं टोक नुसतं टेकलं तरी डोळ्यांत पाणी उभं राहतं. त्या हळव्या मांसाचं नाव जिव्हाळी. मेलेलं कुठं संपतं आणि जितं कुठं सुरू होतं, याची रेघ आजी त्या एवढ्याशा बोटावर दर रविवारी पाहत होती.

पुढं कॉलेजात असताना एकदा इंग्रजी शब्दकोश चाळताना ‘क्विक’ या शब्दापाशी थांबलो. शब्द ओळखीचा. क्विक म्हणजे झटपट, चपळ, लवकर होणारं. पण नोंद बरीच लांब होती, म्हणून वाचत गेलो. खाली एक नाम दिलं होतं : नखाखालचं हळवं मांस. आणि त्याच्या आसपासच, ‘जुना, आता प्रचारात नसलेला’ असा शिक्का मारलेलं एक विशेषण : जिवंत. आजीची जिव्हाळी आणि इंग्रजांचं क्विक ही एकाच जागेची नावं होती. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना बोटाच्या त्याच बिंदूवर जीव दिसला होता. तेव्हापासून या जुन्या विशेषणाचा मला लळा लागला आहे. आज त्याचाच रसास्वाद घेऊ या.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘सी-डब्ल्यू-आय-सी’ असा लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लिखापढी फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती गेली, आणि त्यांनी ‘सी-डब्ल्यू’ काढून तिथं आपलं ‘क्यू-यू’ बसवलं. राणीसाठीचा ‘क्वीन’ हा शब्दही असाच नव्या वेशात आला. वेश बदलला तरी अर्थ तोच राहिला : जिवंत. माणूस क्विक असे, जनावर क्विक असे, झाड क्विक असे. वेगाशी त्याचा संबंध नव्हता. वेगासाठी इंग्रजीकडं ‘स्विफ्ट’ हा वेगळा शब्द होताच.

आता या शब्दाचं कूळ पाहू. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असा विचार मांडला. पुढं १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्कनं आणि १८२२ मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमनं या नात्यातले ध्वनींचे नियम दाखवून दिले. त्यातला एक नियम मराठी कानाला चटकन पटेल असा आहे. आपल्याकडं जिथं ‘ग’ किंवा ‘ज’ आहे, तिथं इंग्रजीच्या घराण्यात ‘क’ सापडतो. आपली गो, त्यांची काउ. आजानुबाहू या शब्दातला जानु म्हणजे गुडघा, त्यांचा ‘नी’. आपलं जाणणं, त्यांचं ‘नो’. या शेवटच्या दोन इंग्रजी शब्दांच्या आरंभी जो ‘के’ लिहितात पण उच्चारत नाहीत, तो याच जुन्या ‘क’ची खूण आहे. आणि याच हिशेबानं आपला जीव म्हणजे त्यांचं क्विक.

हे एकच मूळ किती घरांत नांदतं ते पाहिलं की मन भरून येतं. लॅटिनमध्ये ‘व्हिवस’, ग्रीकमध्ये ‘बिओस’, लिथुआनियन भाषेत ‘गीवस’, रशियनमध्ये ‘झिवोय’, फारसीत ‘झिंदा’. फारसीतलं झिंदा आपल्याकडं जिंदा आणि जिंदगी होऊन आलं, तेव्हा खरं तर जीव या शब्दाची दूर गेलेली बहीण माहेरी परतली होती. शाळेत आपण ‘बायॉलॉजी’ला जीवशास्त्र म्हणतो. भाषांतर म्हणून केलेला तो शब्द ‘बिओस’च्या जागी त्याच्याच सख्ख्या भावाला उभं करतो. १९१२ मध्ये काझिमीर फुंक यांनी लॅटिन ‘व्हिटा’, म्हणजे जीवन, या शब्दावरून ‘व्हिटॅमिन’ हे नाव तयार केलं. मराठीनं त्याला जीवनसत्त्व म्हटलं. व्हिटा आणि जीवन यांचंही मूळ हेच.

मग जिवंत या अर्थाचा शब्द झटपट या अर्थापर्यंत कसा पोहोचला? अंगणात एखादं पाखरू निपचित पडलेलं दिसलं की आपण काय करतो? जवळ जाऊन हलकेच बोट लावतो. पंख थरथरला की म्हणतो, जिवंत आहे. जीव डोळ्यांना दिसत नाही, हालचाल दिसते. इंग्रजीनं ही खूण धरून ठेवली. जे जिवंत ते हलणारं, हलणारं ते चळवळं, चळवळं ते चपळ, आणि चपळ ते वेगवान. १३००च्या सुमाराला चपळ, वेगवान हा अर्थ या शब्दाला येऊन चिकटला. त्यानंतर काही शतकं दोन्ही अर्थ एका घरात सुखानं राहिले आणि मग हळूहळू थोरल्यानं धाकट्याला जागा करून दिली. वाहत्या पाण्याला आणि धगधगत्या कोळशालाही इंग्रजीत क्विक म्हणत, ही या प्रवासातली मधली पायरी. ती आपल्याला परकी नाही. आपणही जिवंत झरा म्हणतो, आणि चुलीतली राख बाजूला सारून ‘निखारा अजून जिवंत आहे’ असं म्हणतो.

थोरला अर्थ रोजच्या बोलण्यातून उठून गेला, पण जोडशब्दांत तो आपली ठेव ठेवून गेला. या शब्दाची खरी गोडी तिथं आहे. एकेक जोडशब्द उघडून पाहू.

पहिला ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे पारा. याचा अर्थ ‘झटपट चांदी’ असा लावला तर शब्द बेचव होतो. ‘जिवंत चांदी’ म्हटलं की तो उजळतो. रोमन लोक पाऱ्याला ‘अर्जेंटम व्हिवम’ म्हणत, जिवंत रुपं. इंग्रजीनं त्याचंच रूपांतर केलं, जर्मननं ‘क्वेकसिल्बर’ केलं, आणि डच भाषेत तर पाऱ्याला नुसतं ‘क्विक’ म्हणतात. फुटलेल्या तापमापकातला पारा ज्यानं फरशीवर पाहिला असेल त्याला या नावाची सार्थकता सांगावी लागत नाही. शून्याखाली सुमारे ३९ अंश सेल्सियसपर्यंत हा धातू गोठत नाही. फरशीवर त्याचे टपोरे मणी होतात, धक्का लागला की पळतात, एकमेकांना भेटले की एकजीव होतात. चांदीत प्राण आल्यासारखं वाटतं. आणि आपल्याकडं? संस्कृत कोशांत पाऱ्याचं एक नाव चपल असं आहे, दुसरं नाव रस. चपल हा इंग्रजी शब्दाचा धाकटा अर्थ, आणि तो आपल्या कोशकारांनी त्याच पदार्थाला दिला. रस हे नाव तर अशा लेखाला फारच जवळचं. ज्याचं ग्रहण करायचं तो रसही असाच, चिमटीत धरू गेलं की निसटणारा.

दुसरा ‘क्विकलाइम’. आपण याला कळीचा चुना किंवा चुनकळी म्हणतो. चुनखडी भट्टीत भाजली की पांढरे, कोरडे, निर्जीव दिसणारे खडे हाती येतात. त्यांच्यावर पाणी ओतलं की ते फसफसतात, वाफा सोडतात, हात लावू देत नाहीत इतके तापतात आणि फुटून त्यांचं पीठ होतं. ज्यांनी जुन्या घरांना चुन्याची सफेदी करताना पिंपात चुना विरवलेला पाहिला आहे, त्यांना हा खळखळाट आठवत असेल. लॅटिनमध्येही या चुन्याला ‘जिवंत’च म्हणत. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी आपल्या ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथात या नावावर विचार केला आहे. देहात आत्मा जसा अदृश्यपणे राहतो तशी या चुन्यात आग लपलेली असते, म्हणून त्याला जिवंत म्हणतात, असा त्यांचा आशय. ज्या पाण्यानं आग विझते त्याच पाण्यानं ही आग जागी होते, याचंही त्यांना नवल वाटलं. एका विशेषणामुळं एका थोर विचारवंताला चुन्याच्या खड्यात आत्म्याचा दृष्टांत सापडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरा ‘क्विकसँड’, माणसाला रुतवणारी वाळू. वाळूच्या कणांमध्ये पाणी भरून राहतं, कण एकमेकांवर टेकत नाहीत, वरून घट्ट दिसणारी जमीन पाय पडताच पातळ होते. माणूस त्यात पूर्ण बुडत नाही, कारण त्याचं शरीर त्या चिखलापेक्षा हलकं असतं. पण पाय अडकतो आणि भरती आली तर जीव जातो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम्ब उपसागराची अशी वाळू प्रसिद्ध आहे. ओहोटीच्या वेळी ती ओलांडणाऱ्यांना सुखरूप नेण्यासाठी तिथं राजसत्तेनं नेमलेला वाटाड्या असतो, आणि ही नेमणूक सोळाव्या शतकापासून चालत आलेली आहे. जी वाळू आज आहे तिथं उद्या नसते, जी पाय धरते, तिला जिवंत म्हणणाऱ्यांनी ती जवळून पाहिली होती.

चौथा जोडशब्द मला सगळ्यांत आवडतो. ‘क्विकसेट हेज’. सेट म्हणजे लावलेलं, हेज म्हणजे कुंपण. झटपट उभारलेलं कुंपण असा अर्थ कोणी केला तर तो अगदी उलटा होईल. हे कुंपण उभं राहायला वर्षं लागतात. जिवंत रोपं ओळीनं लावून, वाढवून, वाकवून, एकमेकांत गुंतवून केलेलं हे कुंपण. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावाच्या सामाईक जमिनी कायद्यानं वेगळ्या करून खासगी शेतांत बांधल्या गेल्या, तेव्हा अशी मैलोन्‌मैल कुंपणं लावली गेली. त्यासाठी मुख्यतः ‘हॉथॉर्न’ हे काटेरी झाड वापरलं. त्याच्या रोपांना आजही तिथं नुसतं ‘क्विक’ म्हणतात. याच्या उलट, तोडलेल्या फांद्या रचून केलेल्या कुंपणाला ‘डेड हेज’ म्हणतात, मेलेलं कुंपण. आपल्या शेतकऱ्याला हा भेद समजावावा लागणार नाही. बाभळीच्या काट्या तोडून रचलेली काटेरी वई दर वर्षी वाळून मोडते. बांधावर निर्गुडी, शेर किंवा मोगली एरंड लावला तर तो वाढत जातो, आणि त्याला आपण जिवंत कुंपण असंच म्हणतो. कोणी कोणाचं भाषांतर केलेलं नाही. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी बांधावर उभं राहून एकच गोष्ट पाहिली.

त्याच बांधावर एक गवतही उगवतं. इंग्रज शेतकऱ्याला हैराण करणाऱ्या ‘काउच ग्रास’ या गवताचं जुनं नाव ‘क्विच’, आणि तेही याच मूळचं मानतात. उपटलं, तोडलं, नांगरलं तरी मातीत राहिलेल्या मुळाच्या एका कांडीतून पुन्हा उगवणारं, मरायला तयार नसलेलं, म्हणून जितं गवत. आपल्याकडच्या हरळीशी ज्याची झुंज झाली आहे त्याला या नावामागचा उसासा ऐकू येईल.

आता शेतातून रंगभूमीवर येऊ. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, ज्याचा गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावानं १८८३ मध्ये मराठी अवतार घडवला, पाचव्या अंकाच्या आरंभी कबर खणणाऱ्याचा प्रवेश आहे. हे नाटक १६००च्या आसपासचं. तेव्हा क्विक या शब्दाचे दोन्ही अर्थ प्रेक्षकांच्या जिभेवर ताजे होते, आणि शेक्सपिअरनं त्यांचा जो खेळ मांडला आहे तो सावकाश पाहण्यासारखा आहे. कबर कोणाची, असं हॅम्लेट विचारतो. कबर खणणारा म्हणतो, माझी. इंग्रजीत ‘लाय’ म्हणजे पडून राहणं आणि ‘लाय’ म्हणजे खोटं बोलणंही, त्यामुळं दोघांची जुगलबंदी सुरू होते. हॅम्लेट त्याला सांगतो की कबर मेलेल्यांसाठी असते, क्विकसाठी नव्हे, तेव्हा तू खोटं बोलतोस. इथं क्विक म्हणजे जिवंत माणूस. कबर खणणारा तोच शब्द झेलतो आणि म्हणतो की हे खोटं मोठं क्विक आहे, माझ्याकडून उडी मारून तुमच्याकडं जाईल. इथं क्विक म्हणजे चपळ. दोन वाक्यांच्या अंतरात शब्दानं आपला शतकांचा प्रवास करून दाखवला.

प्रेक्षक हसत असतानाच हॅम्लेटच्या प्रेयसीची, ओफिलियाची, प्रेतयात्रा येते. तिचा भाऊ लेअर्टिस दुःखानं वेडा होऊन कबरीत उडी टाकतो आणि म्हणतो, आता जित्यावर आणि मेलेलीवर एकदमच माती लोटा. शब्द तोच, क्विक. थोड्याच वेळात हॅम्लेटही कबरीशी येऊन म्हणतो की तू तिच्याबरोबर क्विक गाडून घेशील तर मीही घेईन. आजचा वाचक इथं ‘लवकर गाडून घे’ असं वाचून पुढं जाईल, आणि ओळीतला सगळा थरार हरवून बसेल. हॅम्लेट लवकरची गोष्ट करत नाही, तो जिवंतपणी गाडून घेण्याची गोष्ट करतो. ज्या शब्दानं आपल्याला घटकेपूर्वी हसवलं त्याच शब्दानं नाटककार आता काळजाला हात घालतो. पहिल्या वेळी कबरीच्या काठावर उभा असलेला ‘जिवंत’ दुसऱ्या वेळी कबरीच्या आत उतरला आहे. या एका प्रवेशासाठी तरी जुना अर्थ ठाऊक असावा, असं मला मनापासून वाटतं.

लेअर्टिसच्या तोंडी ही जोडी आली ती धर्माच्या भाषेतून. ख्रिस्ती धर्मविधानात येशू शेवटी जित्यांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील असं म्हटलं आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकानं आणि १६११च्या किंग जेम्स बायबलनं या जोडीसाठी ‘क्विक’ आणि ‘डेड’ हे शब्द वापरले. नव्या इंग्रजी भाषांतरांत क्विकच्या जागी ‘लिव्हिंग’ आलं आहे. पण ती जुनी जोडी म्हणीसारखी जिभेवर राहिली, इतकी की १९९५ मध्ये बंदूकबाजांच्या द्वंद्वावरच्या एका हॉलिवूड चित्रपटाला तेच नाव दिलं गेलं. त्यात जो चपळ तोच जिवंत उरतो, म्हणून नावात दोन्ही अर्थ सांधले गेले. मराठीतही ही जोडी आहे, आणि ती तर रोजच्या बोलण्यातली आहे : जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आपला ‘जित्या’ आणि त्यांचा ‘क्विक’ एकाच कुळातले, आणि दोघांच्या शेजारी तोच सोबती उभा आहे.

या शब्दाचा सगळ्यांत नाजूक अर्थ बायकांच्या अनुभवातला आहे. गर्भवतीला बाळाची पहिली हालचाल जाणवते, साधारण सोळाव्या ते विसाव्या आठवड्यात, त्या क्षणाला इंग्रजीत ‘क्विकनिंग’ म्हणतात. बाळ वेगवान होत नाही, ते आईसाठी जिवंत होतं. ज्यांना हा अनुभव आला आहे त्या सांगतात की पोटात फुलपाखरानं पंख मिटावेत किंवा माशानं शेपूट हलवावं तसं काहीतरी होतं. आपण गर्भवतीला दोन जिवांची म्हणतो. सुश्रुतसंहिता चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दौहृदिनी म्हणते, दोन हृदयांची, आणि डोहाळे या शब्दाचं मूळ तिथंच सांगितलं जातं. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून बसलेली मुलगी आणि इंग्रजीतलं क्विकनिंग यांच्यामध्ये एकच जाणीव आहे : एका देहात आता दुसरा जीव आहे.

हीच जाणीव इंग्लंडच्या न्यायालयात माणसं वाचवत होती. फाशीची शिक्षा झालेल्या स्त्रीनं आपण गर्भवती असल्याचं सांगितलं, तर प्रौढ अनुभवी बायकांचं एक पंचमंडळ तिला तपासत असे. तिच्या पोटातलं मूल ‘क्विक’ आहे असा त्यांनी कौल दिला की फाशी थांबे. पुरुषांच्या न्यायालयात बायकांच्या हाताच्या स्पर्शाला मिळालेला तो अधिकार होता, आणि तो सगळा या एका विशेषणावर तोलला होता. १९३१ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं कायदा करून गर्भवतींची फाशी बंदच केली, तेव्हा त्या पंचमंडळाचं कामही संपलं.

पण शब्द संपला नाही, आणि त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मेकॉले यांनी १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली. तिच्या कलम ३१२ नुसार बेकायदा गर्भपात घडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आणि ती स्त्री ‘क्विक विथ चाइल्ड’ असेल, म्हणजे गर्भाची हालचाल सुरू झाली असेल, तर सात वर्षांपर्यंत. कलम ३१६ मध्ये ‘क्विक’ अशा अजात बालकाचा मृत्यू घडवण्याचा वेगळा गुन्हा होता. या संहितेच्या हिंदी पाठात पहिल्या ठिकाणी स्पंदनगर्भा असा सुंदर शब्द आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी सजीव. भाषांतर करणाऱ्यानं क्विकसाठी सजीव लिहिलं, तेव्हा शब्द आपल्या मूळ घरी पोहोचला. पुढं १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानं हालचालीऐवजी आठवडे मोजायला सुरुवात केली. तरीही दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ आणि ९२ मध्ये हा शब्द जुन्याच अर्थानं कायम आहे, आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. शब्दकोश ज्याला जुना म्हणतात तो अर्थ आपल्या देशाच्या ताज्या कायद्यात बसला आहे. वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथं ‘झटपट’ असा अर्थ मनात आणला तर कलम कळणारच नाही.

क्विकची जागा इंग्रजीत कोणी घेतली? ‘अलाइव्ह’, ‘लाइव्ह’, ‘लिव्हिंग’, म्हणजे ‘लाइफ’च्या परिवारानं. या लाइफचं मूळही पाहण्याजोगं आहे. त्याचा जुना अर्थ चिकटून असणं, टिकून राहणं. संस्कृतातला लिप् हा धातू त्याच मूळचा, म्हणजे भिंत लिंपणे आणि जखमेवरचा लेप हे लाइफचे आप्त. इंग्रजीकडं जिवंतपणासाठी दोन शब्द होते, एक हलण्याकडं झुकलेला, दुसरा टिकण्यातून आलेला. हलणारा वेगाच्या मागं गेला, टिकणारा टिकला. हे दोन्ही अर्थ मराठीनं मात्र एकत्र नांदवले आहेत असं मला वाटतं. ज्याच्याशी आपला जीव लागून राहिला आहे, चिकटून राहिला आहे, त्याला आपण जिवलग म्हणतो.

आणि इथं मला या शब्दाचं मर्म सापडतं. एकाच मूळ शब्दानं दोन भाषांत दोन वाटा धरल्या. इंग्रजीनं जिवाची खूण हालचालीत पाहिली, म्हणून तिथं जीव वेग झाला. मराठीनं जिवाची खूण दुखण्यात पाहिली. जिथं लागतं तिथं जीव आहे. म्हणून जिव्हारी लागणं हा शब्दप्रयोग आला, आणि जिथं सर्वांत जास्त लागतं त्या जागेवरून जिव्हाळा हा मायेचा शब्द आला. एखाद्याबद्दल जिव्हाळा वाटतो म्हणजे तो नखाखालच्या त्या मांसाइतका आपला झालेला असतो, त्याला लागलं की आपल्याला लागतं. इंग्रजीलाही ही वाट ठाऊक आहे. बोलणं मनाला खोल लागलं की तिथंही ‘क्विकपर्यंत कापलं गेलं’ असंच म्हणतात, आपल्या जिव्हारी लागण्याचं ते जुळं भावंड आहे. पण तिथून मायेपर्यंतचं पाऊल मराठीनं टाकलं. जीव लावणं, जीव जडणं, जीव टाकणं, जिवाभावाचं माणूस, ही सगळी त्या पावलापुढची वस्ती.

माझ्या आजीनं हे काही वाचलेलं नव्हतं. तिला विल्यम जोन्स ठाऊक नव्हता, शेक्सपिअर ठाऊक नव्हता. पण तिच्या चिमटीत नातवाचं बोट होतं आणि ओठांवर नेमका शब्द होता. शब्द असेच टिकतात, हातातलं काम करताना बोलले गेले की. घरात लहान मूल असेल तर पुढच्या रविवारी त्याची नखं कापताना त्याला ‘जिव्हाळी’ हा शब्द सांगा. ते मूल पुण्यात असो, पणजीत असो की लंडनमध्ये, शाळेत ते क्विक हा शब्द शिकणारच आहे. या शब्दाचा जुना अर्थ त्याला बोट धरून दाखवता येतो, पांढरं संपून गुलाबी जिथं सुरू होतं तिथं.